ईदची शेवई आणि बीटचा पास्ता

रमजान संपत आला की मनीषनगरच्या किराणा दुकानांत शेवयांची पाकिटे आतल्या फळीवरून थेट काउंटरवर येतात. आता त्यांच्या शेजारी हिरवा, केशरी, जांभळट पास्ताही दिसतो. शीरखुर्म्यासाठी शेवई घ्यायला आलेल्या आईला मूल त्या रंगीत पाकिटाकडे बोट दाखवते आणि आई किंमत वाचून ते जागेवर ठेवते. या दोन पाकिटांचे नाते मात्र बरेच जुने आहे.

अल-इद्रीसी हा अरब भूगोलकार सिसिली बेटावर राजा दुसरा रॉजर याच्या दरबारी होता. 1154 साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाचे वर्णन केले आहे. तिथे ‘इत्रिया’ नावाच्या वाळवलेल्या शेवया भरपूर बनत आणि गलबतांतून मुस्लिम व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जात. मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला ही कथा अजूनही सांगितली जाते. पण तो परतला 1295 साली, म्हणजे या नोंदीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

गहूही त्याच जातकुळीचा. इटलीत 1967 च्या कायद्याने वाळवलेला पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो. आपल्याकडचा बन्सी गहूही डुरमच: दाणा कठीण, पिवळसर, रवा कणीदार. त्याची शेवई शिजून लगदा होत नाही. पण कोरडवाहू बन्सीचा उतारा कमी, म्हणून ओलिताच्या गव्हाने त्याची जागा घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कोरडवाहूसाठी ‘एमएसीएस 4028’ हे डुरम वाण काढले आहे. त्यात प्रथिने 14.7 टक्के आहेत.

विदर्भातल्या घरांत तर पास्त्याचा आकारही जुनाच. सरगुंडे करताना कणकेची वळी काडीवर गुंडाळतात आणि अलगद ओढून काढतात. दक्षिण इटलीतल्या बायका फुझिल्ली अशाच लोखंडी सळीवर वळतात. फरक एवढाच, की आपण ते आंब्याच्या रसाशी खातो.

रंगाचे काम मात्र दिसते तेवढे सोपे नाही. पालक, बीट, गाजर किंवा टोमॅटोचा गर पाण्याऐवजी रव्यात मळला की ओलावा वाढतो आणि पास्ता वाळायला वेळ लागतो. घाई केली तर वरचे कवच कडक, आत ओल. मग पास्ता तडकतो किंवा त्याला बुरशी येते. कारागीर 40-50 अंशांच्या आसपास एक-दोन दिवस सावकाश वाळवतात. कारखान्यात तापमान बरेच वाढवून तेच काम काही तासांत उरकतात. उन्हाशीही रंगांचे फारसे जमत नाही. हळद उन्हात फिकी पडते, बीटचा लाल उष्णतेने तपकिरी होतो, पालकाचा हिरवा उकळत्या पाण्यात शेवाळी पडतो. गाजराचा केशरी मात्र टिकतो, कारण त्यातला कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगीत शेवया गच्चीवर रखरखीत उन्हात नव्हे, पातळ लुगड्याखाली किंवा सावलीत वाऱ्यावर वाळवाव्यात. आपल्या आज्या हे सारे न शिकवता करत होत्या, फक्त त्याला कोणी ‘आर्टिसनल’ म्हटले नाही, आणि त्या मजुरीत तसे मोलही लावले नाही.

पाकीट घेताना ते उलटून पाहावे. आयएनएस 102 म्हणजे टारट्राझीन, 110 म्हणजे सनसेट यलो, 124 म्हणजे पाँसो. हे कृत्रिम रंग. 162 हा बीटचा, 100 हळदीचा. रंग फार भडक असेल तर शंका घ्यावी. खऱ्या पालकाचा पास्ता मंद हिरवाच असतो. काळा पास्ता बहुधा माकुळ या समुद्री जीवाच्या शाईचा असतो आणि काही पास्त्यांत अंडी असतात. शाकाहारी घरांनी खूण बघून घ्यावे.

आणि रंगीत शेवयांचा हट्ट झालाच, तर ईदच्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी उपमा करावा. बीटची शेवई शीरखुर्म्यात पडली की दूध गुलाबी होते, आणि सकाळी नमाजहून आलेली मंडळी पहिल्याच वाटीत विचारतात, ‘यात सरबत पडले काय?’