तळ्याकाठी फुकटचा मुक्काम : समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘10,000 तळी’ अशी जाहिरात असते. राज्याच्या नोंदीत मात्र दहा एकरांहून मोठी तळी 11,842 आहेत. जाहिरातीत खऱ्यापेक्षा कमी सांगितल्याचे असे उदाहरण विरळाच.

यातली सगळ्यात देखणी तळी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सरहद्दीला लागून आहेत. हिमयुगातल्या हिमनद्यांनी इथला अतिप्राचीन खडक खरवडून काढला आणि त्या खोलगटांत पाणी साचले. भोवती पाइन, स्प्रूस आणि बर्चचे रान. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1909 मध्ये या रानाला सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट म्हणून संरक्षण दिले. आज त्याचा पसारा 30 लाख एकरांहून मोठा आहे, आणि त्याच्या बऱ्याच भागात तळ्याकाठी तंबू ठोकून राहायला एक पैसा पडत नाही. मिनिआपोलिसहून चारेक तासांत तिथे पोहोचता येते. त्यामुळे त्या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे रान शनिवार-रविवारच्या टप्प्यात आहे.

पण ‘फुकट’ म्हटले की ऐकीव माहितीला ऊत येतो. कुणी म्हणते कुठेही राहा, कोण विचारतो? कुणी म्हणते अस्वले खातील. दोन्ही खरे नाही.

गैरसमज : नॅशनल पार्क काय आणि नॅशनल फॉरेस्ट काय, सगळे एकच

नावे सारखी वाटली तरी घरे वेगळी आहेत. नॅशनल पार्क सर्व्हिस 1916 मध्ये स्थापन झाली आणि ती अंतर्गत खात्याखाली येते. फॉरेस्ट सर्व्हिस 1905 ची, आणि ती चक्क कृषी खात्याची. पार्कमध्ये निसर्ग जपून लोकांना दाखवणे हे मुख्य काम असते. फॉरेस्टमध्ये लाकूडतोड, शिकार, मासेमारी, भटकंती असे अनेक उपयोग शेजारी शेजारी चालतात. ‘पार्कात तर पैसे घेतात’ किंवा ‘फॉरेस्टात सगळेच फुकट’ अशी सरसकट विधाने इथेच घसरतात.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला हा फरक नकाशावरच दिसतो. पश्चिमेला 1975 मध्ये स्थापन झालेले व्हॉयेजर्स नॅशनल पार्क आहे. तिथल्या मुक्कामाच्या जागांवर होडीनेच जावे लागते, आणि रात्री राहायचे तर परवाना व शुल्क ठरलेले. त्याच्या पूर्वेला, सुपीरियर फॉरेस्टच्याच पोटात, बाउंड्री वॉटर्स हे दहा लाख एकरांहून मोठे राखीव रान आहे. तिथे वर्षभर परवाना लागतो. मे ते सप्टेंबर या काळात प्रत्येक वाटेने रोज किती गट आत जाऊ शकतात याला मर्यादा असते आणि मुक्कामाला माणशी शुल्क पडते. एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे आणि चारपेक्षा जास्त होड्या चालत नाहीत.

या दोन्हींच्या बाहेर उरलेले सुपीरियर फॉरेस्ट, तेच ते फुकटच्या मुक्कामाचे रान. झाडे तीच, पाणीही तसेच. तेव्हा आपण रेषेच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे आधी पाहायचे.

गैरसमज : फुकट आहे म्हणजे कुठेही तंबू ठोकावा

फॉरेस्टच्या सीमेच्या आत सगळी जमीन फॉरेस्टची नसते. मध्येच कुणाचे खासगी केबिन असते, मध्येच राज्याची किंवा काउंटीची जमीन येते. तिथे नियम वेगळे, आणि खासगी जागेत परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हाच. यासाठी फॉरेस्ट सर्व्हिस वाहनांच्या रस्त्यांचे नकाशे फुकट देते. कोणता कच्चा रस्ता गाडीला खुला आहे हे त्यावरून कळते.

फुकटच्या मुक्कामाचे प्रकार ढोबळमानाने तीन. पहिला म्हणजे रानात आपणच जागा शोधून राहणे. दुसरा, तळ्याकाठी आखून दिलेल्या सुट्या जागा. तिथे शेकोटीसाठी लोखंडी जाळी आणि मागे झाडीत शौचाची पेटी असते, बाकी काही नाही. तिसरा, छोटी गावठी कॅम्पग्राउंड्स. हॉगबॅक लेक आणि कविशिवी लेक इथली कॅम्पग्राउंड्स या प्रकारातली. तिथे मोजक्याच जागा, टेबल-बाक, शेकोटीची जाळी आणि साधा संडास असतो. आरक्षण कुठेच नाही. जो आधी येईल त्याची जागा.

एकाच ठिकाणी साधारण 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. स्वतः जागा शोधणाऱ्याने पाण्यापासून आणि पायवाटेपासून चांगले अंतर ठेवायचे असते. ‘मागे खूण न ठेवणे’ या तिकडच्या सर्वमान्य शिस्तीत हे अंतर 200 फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरेक पावले, असे सांगितले जाते. काठावरची माती आणि झुडपे पायाखाली लवकर तुडवली जातात, आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाटही अडते. आधी कुणी राहून गेलेली जागा सापडली तर नवी जागा साफ करण्यापेक्षा तीच वापरणे बरे.

गैरसमज : निदान पाणी आणि संडास तरी असेलच

महाराष्ट्रात तळ्याकाठचे कॅम्पिंग म्हटले की पवना धरणाचा काठ डोळ्यांसमोर येतो. ओळीने मांडलेले तंबू, संध्याकाळी भजी आणि चहा, रात्री बार्बेक्यू, सकाळी पोहे. तिथे सगळे जमीनमालक किंवा आयोजक करतो आणि आपण त्याचे पैसे देतो. सुपीरियरमध्ये पैसे घेणारा कुणी नाही, कारण करणाराही कुणी नाही.

नळ नाही, वीज नाही, कचराकुंडी नाही. बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. तळ्याचे पाणी काचेसारखे नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये. जिआर्डिया नावाचा परजीवी त्यात असू शकतो आणि पोट अनेक दिवस बिघडवू शकतो. पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच उकळत ठेवायचे किंवा चांगल्या फिल्टरमधून गाळायचे.

आणि ती शौचाची पेटी? खड्ड्यावर ठेवलेली झाकणाची बैठक, बस्स. भिंती नाहीत, दार नाही, छप्परही नाही. समोर बर्चची झाडे आणि डोक्यावर आभाळ. पहिल्यांदा जाणारा माणूस जरा घुटमळतो. मग शिटी वाजवत जायचे आणि वाटेवर एखादा फडका टांगायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला ‘आत कुणीतरी आहे’ हे कळते. जिथे ही पेटीही नाही, तिथे पाण्यापासून दूर सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा आणि मातीने बुजवायचा. त्या पेटीत कचरा किंवा उरलेले अन्न टाकायचे नसते. अन्नाच्या वासाने अस्वल तिथवर येते आणि खड्डाही लवकर भरतो.

साबणाबद्दलही एक भाबडी समजूत आहे. डबीवर ‘जैवविघटनशील’ लिहिले असले की तो तळ्यात चालतो, असे अनेकांना वाटते. तो विघटित होतो तो मातीत. भांडी घासायची तर पाणी भरून आणायचे, काठापासून लांब घासायची आणि सांडपाणी तिथेच जमिनीवर विखरून टाकायचे.

गैरसमज : शेकोटीसाठी लाकूड घरून नेलेले बरे

हेतू चांगला, परिणाम वाईट. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा, चकचकीत भुंगा आशियातून अमेरिकेत आला. मिशिगनमध्ये तो 2002 मध्ये सापडला आणि मिनेसोटात 2009 मध्ये. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरत जातात आणि ॲशची झाडे उभी वाळतात. हा भुंगा स्वतः फार लांब उडत नाही, पण जळाऊ लाकडाच्या मोळीत बसून शेकडो मैल प्रवास करतो. म्हणून लाकूड लांबून आणू नये. आणायचेच तर कीडमुक्त असल्याचा शिक्का असलेले, जवळपास विकत घेतलेले आणावे.

फॉरेस्टमध्ये जमिनीवर पडलेली, वाळलेली लाकडे शेकोटीपुरती गोळा करता येतात. मनगटाएवढी जाड, हाताने मोडतील अशी. उभे झाड तोडायचे नाही, आणि बर्चची पांढरी साल जिवंत झाडावरून सोलायचीही नाही. ती पुन्हा पूर्वीसारखी येत नाही आणि काळा पट्टा कायमचा राहतो.

गैरसमज : ज्वाळा गेल्या म्हणजे आग विझली

5 मे 2007 रोजी गनफ्लिंट ट्रेल या रस्त्याजवळच्या हॅम लेकच्या काठी एका मुक्कामाच्या शेकोटीतून आग निसटली. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे 75 हजार एकर रान जळाले आणि शंभराहून अधिक इमारती खाक झाल्या. त्याच्या आठ वर्षे आधी, 4 जुलै 1999 च्या प्रचंड वादळात लक्षावधी झाडे आडवी झाली होती. ती वाळून आगीला सरपण झाली.

सगळ्या आगी माणूस लावत नाही. 2011 मधली पागामी क्रीकची आग विजेने लागली आणि नव्वद हजारांहून अधिक एकर जळाले. पण वीज पडणे आपल्या हातात नसते, शेकोटी असते.

मिनेसोटात तीन फूट व्यास आणि तीन फूट उंचीपर्यंतच्या शेकोटीला एरवी परवाना लागत नाही. कोरड्या दिवसांत मात्र तीही बंद होते, म्हणून निघण्यापूर्वी बंदीची चौकशी करायची. विझवताना एक बादली पाणी ओतून निघून जाणे पुरत नाही. पाणी ओतायचे, काठीने राख ढवळायची, पुन्हा ओतायचे, लाकडांची खालची बाजू उलटून भिजवायची. शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहायची. जरा जरी ऊब लागली तरी आग आत आहे असे समजायचे. प्लास्टिक, ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याची पाकिटे शेकोटीत टाकायची नाहीत. ती पुरती जळत नाहीत आणि पुढच्या माणसाला राखेत त्यांचे वितळलेले गोळे सापडतात.

गैरसमज : अस्वल आणि लांडगे म्हणजे जिवाशी गाठ

मिनेसोटात ग्रिझली नाही. आहे ते काळे अस्वल, आणि त्याला माणसापेक्षा माणसाच्या शिध्यात रस असतो. अलास्का वगळता अमेरिकेतले सगळ्यात जास्त लांडगे याच राज्यात आहेत, पण ते माणसाला टाळतात. रात्री त्यांची कोल्हेकुईहून खोल, लांबलचक साद ऐकू आली तर नशीब समजावे.

अस्वलापासून वाचायचे म्हणजे खरे तर अन्न वाचवायचे. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. टूथपेस्टही अन्नासोबतच ठेवायची, कारण वास तिलाही येतो. बाउंड्री वॉटर्समध्ये तर वनखात्याचा आदेशच आहे : अन्न एकतर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवा, नाहीतर जमिनीपासून 12 फूट उंच आणि झाडापासून 6 फूट दूर टांगा. मुक्काम बाहेर असला तरी हीच पद्धत पाळणारे लोक शहाणे.

खरे धोके कमी नाट्यमय आहेत. इथल्या तळ्यांवरचे बर्फ बहुधा एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात वितळते, म्हणजे मेमधल्या उबदार दुपारीसुद्धा पाणी जीवघेणे थंड असते. होडी उलटली तर उत्तम पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात, म्हणून लाइफ जॅकेट अंगावर हवे, होडीत पडलेले नको. तंबू लावण्यापूर्वी वर बघायचे. वाळलेले झाड किंवा अडकलेली फांदी डोक्यावर असेल तर जागा बदलायची. आणि रोज संध्याकाळी अंगावर गोचीड तपासायची, कारण लाइम हा आजार तिच्यामार्फत पसरतो.

गैरसमज : हे कुणाचेच नसलेले, निर्मनुष्य रान

हा समज सगळ्यात जुना आणि सगळ्यात चुकीचा. हा ओजिब्वे लोकांचा मुलूख. 1854 च्या तहात त्यांनी इथली जमीन अमेरिकी सरकारला दिली, पण त्या मुलखात शिकार करण्याचा आणि मासे धरण्याचा हक्क स्वतःकडे राखला. तो आजही लागू आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात उथळ तळ्यांमध्ये रानभात पिकतो. एकजण लांब काठीने होडी पुढे ढकलतो, दुसरा हलक्या काठीने देठे होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीने दाणे झाडतो. अशा शेतातून मोटरबोट घालणे म्हणजे उभ्या पिकातून गाडी नेणे. एली गावाजवळच्या नॉर्थ हेगमन तळ्याच्या कड्यावर गेरूने काढलेली जुनी चित्रे आहेत. ती होडीतून पाहावीत, हात लावू नये.

या रानावरून स्थानिकांत भांडणेही झाली. 1978 च्या कायद्याने बाउंड्री वॉटर्समधली लाकूडतोड बंद झाली आणि मोटरबोटी मोजक्या तळ्यांपुरत्या उरल्या, तेव्हा एलीमध्ये मोठा असंतोष होता. पोटापाण्याचा प्रश्न होता तो.

गैरसमज : मुक्काम फुकट, म्हणजे मासेही फुकट

मासेमारीचा परवाना राज्य देते आणि प्रौढ माणसाला तो लागतोच, मग तंबूचे भाडे असो वा नसो. होडी एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना चिकटलेले शेवाळ काढणे आणि पाणी ओतून टाकणे हाही कायदा आहे. झेब्रा शिंपले आणि काटेरी पाणपिसवा हे परके जीव असेच पसरतात. उरलेले आमिष पाण्यात सोडायचे नाही.

राहिला हंगाम. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत काळ्या माशा, जून-जुलैत डास. ऑगस्टच्या अखेरीपासून दोन्ही ओसरतात आणि सप्टेंबरात बर्च पिवळे होतात, रात्री मात्र गारठतात. आरक्षण नसल्यामुळे उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी सोयीच्या जागा भरलेल्या असतात. म्हणून एली किंवा ग्रँड मरेच्या वन कार्यालयात आधी फोन करून रस्त्यांची आणि आगबंदीची विचारपूस करावी, नकाशावर दुसरी-तिसरी जागा हेरून ठेवावी, आणि जमल्यास गुरुवारीच निघावे.