ऑटोक्लेव्हची वही

दाताच्या दवाखान्यात पेशंटला जे दिसतं, ते सगळं पुढच्या खोलीत असतं. मागं-पुढं होणारी खुर्ची, तोंडावर ओढून आणायचा दिवा, भिंतीवरची पदवी. दवाखाना सुरक्षित आहे की नाही, हे मात्र मागच्या छोट्या खोलीत ठरतं. तिथं हत्यारं घासायच्या सिंकजवळ ऑटोक्लेव्ह ठेवलेला असतो. बेळगावातल्या अनगोळमधल्या दवाखान्याची तपासणी करायला कुणी आलं, तर त्यानं खुर्चीकडं न बघता आधी त्या खोलीत शिरावं.

यंत्राचं तत्त्व घरच्या प्रेशर कुकरचंच. उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथंच थांबतं. दाब वाढवला की वाफ जास्त तापते. पंधरा पौंडांच्या दाबाला ती १२१ अंशांवर जाते आणि पंधरा मिनिटांत चिवट जंतूही मरतात. १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं पुरतात. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी १८७९ मध्ये हे यंत्र घडवलं. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. अडचण करते ती हवा. डब्यात हवा अडकून राहिली तर तेवढ्या जागेत वाफ पोचत नाही. साध्या यंत्रात वाफच हवेला ढकलून बाहेर काढते. चिमट्यासारख्या भरीव हत्याराला तेवढं पुरतं. पोकळ किंवा पाकिटात बंद केलेल्या हत्यारांसाठी आधी पंपानं हवा ओढून घेणारं यंत्र लागतं. त्याला ‘बी क्लास’ म्हणतात.

दंतवैद्याचं सर्वांत कामाचं हत्यार पोकळच असतं. दात कोरणारा हँडपीस हवेच्या झोतावर मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतो आणि थांबताना तोंडातली लाळ-रक्त काही प्रमाणात आत ओढून घेऊ शकतो. बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून आतली घाण निघत नाही, म्हणून प्रत्येक पेशंटनंतर तो ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवा. इथं तपासणाऱ्याला साधा भागाकार उपयोगी पडतो. धुणं, पाकिटात भरणं, वाफ, वाळवणं धरून एका फेरीला पाऊण तास तरी जातो. दिवसाला पंधरा पेशंट आणि हँडपीस दोनच, असं आढळलं तर पुढं फारसं विचारायची गरज राहत नाही.

यंत्र आहे म्हणजे ते काम करतंच, असंही नाही. काटा १२१ दाखवेल, पण डब्याच्या मधोमध ठेवलेल्या पाकिटात काय घडलं, ते काट्याला कळत नाही. पाकिटावरची पट्टी रंग बदलते, म्हणजे उष्णता लागली एवढं कळतं. खरी परीक्षा जिवाणूंची. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची कुपी हत्यारांसोबत आत ठेवायची, मग ती उबवणीत ठेवायची. शेजारी तशीच एक कुपी वाफ न देता ठेवायची. वाफ दिलेल्या कुपीत काही वाढलं नाही आणि दुसरीत वाढलं, तर यंत्र पास. हे आठवड्याला एकदा करावं आणि तारीख घालून वहीत लिहावं, ही बऱ्याच ठिकाणी मानली गेलेली रीत आहे.

अनगोळला लागूनच उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत आहे. तिथं लेथवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला काटा चुकू शकतो हे शिकवावं लागत नाही. त्याचा मायक्रोमीटर ठरावीक मुदतीनं कॅलिब्रेट होऊन येतो आणि नाही आला तर माल परत येतो. तोच माणूस दाढ धरून दवाखान्यात गेला की आ करतो आणि गप्प पडून राहतो. हे मला फार खटकतं. बेळगावात केएलई संस्थेचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. शिकवणारे इथंच आहेत, मोजमाप कळणारे पेशंटही इथंच आहेत.

कायद्याचं चित्र या भागात गमतीदार नाही, गंभीर आहे. कर्नाटकात २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली दंत दवाखान्यालाही नोंदणी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण ती देतं आणि पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीत पोचलं की महाराष्ट्र सुरू होतो. तिथला शुश्रूषागृहांचा कायदा १९४९ चा, पेशंट ठेवून घेणाऱ्या ठिकाणांसाठी केलेला. ज्या दंत दवाखान्यात खाटच नाही, तो त्यात बसत नाही. २०१० चा केंद्राचा कायदा दोन्ही राज्यांनी स्वीकारलेला नाही. म्हणजे एकाच वर्गात शिकलेल्या दोघांनी सीमेच्या दोन बाजूंना दवाखाने थाटले, तर एकाला नोंदणी लागते, दुसऱ्याला त्या अर्थानं लागत नाही. जंतू दोन्हीकडं तेच.

कचरा आणि क्ष-किरण यांचे नियम मात्र देशभर सारखे आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत आणि सुया न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायच्या. हा कचरा अठ्ठेचाळीस तासांहून जास्त साठवायचा नाही. दाताच्या एक्स-रे यंत्रालाही अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ही कागदपत्रं तपासायला सोपी असतात, म्हणून तपासणी अनेकदा तिथंच संपते.

कागदात न दिसणारी गोष्ट किती महाग पडते, हे तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत दिसलं. २०२२-२३ मध्ये तिथल्या एका दंत दवाखान्यात गेलेल्या दहा जणांना मेलिऑयडोसिसचा संसर्ग झाला. तो मेंदूपर्यंत पोचला आणि त्यांतले आठ जण दगावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या आणि इतर संशोधकांनी शोध घेतला तेव्हा संशय सलाइनच्या बाटलीवर आला. निर्जंतुक न केलेल्या हत्यारानं ती उघडली जात होती, कापसाचा बोळा लावून ठेवली जात होती आणि पुढच्या पेशंटला त्यातलंच पाणी वापरलं जात होतं. मेलिऑयडोसिसचा जिवाणू ओल्या मातीत आणि पाण्यात राहतो. आपल्या कर्नाटकात उडुपी-मणिपालकडच्या डॉक्टरांना तो चांगला माहीत आहे, आणि बेळगावचा पाऊसही थोडाथोडका नाही. वाणियंबाडीत महागडं यंत्र असतं तरी ती बाटली कुणाच्या नजरेत आली असती का? काम चालू असताना खुर्चीजवळ उभ्या राहिलेल्या माणसालाच ती दिसली असती.

म्हणून माझं म्हणणं असं, की तपासणी न सांगता व्हावी, पेशंट खुर्चीत असताना व्हावी आणि तपासणाऱ्यांत खुर्चीशेजारी उभं राहून काम केलेला एक तरी दंतवैद्य असावा. दोन्ही महाविद्यालयांतल्या शिक्षकांना त्यात घेता येईल. प्रामाणिक डॉक्टरांना याचा जाच वाटू नये. निर्जंतुकीकरणाचा खर्च इमानदारीनं करणाऱ्याला तो न करणाऱ्याच्या स्वस्त दराशी झुंजावं लागतं, आणि आज त्याची बाजू घ्यायला कुणी नाही.

पाच वर्षांत, आठवड्याला एक या हिशेबानं, वहीत दोनशे साठ नोंदी जमायला हव्यात. यंत्र नापास झालं तेव्हाची नोंदही त्यात असावी, आणि त्या दिवशी पेशंट कसे परत पाठवले हेही. नूतनीकरणाच्या अर्जासोबत ही वही मागावी. पेशंटनंही खुर्चीत बसल्यावर एवढं म्हणायला हरकत नाही, ‘डॉक्टर, पाकीट माझ्यासमोर फोडा.’ पाकिटावर तारीख असते आणि पट्टीचा रंग बदललेला असतो. बघायला क्षणभर लागतो.