ब्रेक्झिटोत्तर ब्रिटन : परकीय गुंतवणूक व अल्पवेतनी रोजगार (स्विंडन शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये झालेल्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन महासंघातून औपचारिकरीत्या बाहेर पडले. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि, उत्तर आयर्लंडसाठीची वेगळी व्यवस्था वगळता, एकल बाजारपेठ व सीमाशुल्क संघ यांच्याशी असलेले त्याचे नातेही संपुष्टात आले.

सार्वमतापूर्वी दोन्ही बाजूंनी रोजगाराविषयी ठाम भाकिते केली होती. बाहेर पडण्याच्या नुसत्या निर्णयानेच मंदी येईल व सुमारे ५ लाख लोकांचा रोजगार जाईल, असे ब्रिटिश अर्थखात्याने मे २०१६ मध्ये वर्तवले होते. उलटपक्षी, युरोपातून येणारे कामगार थांबले की स्थानिक अल्पवेतनी कामगारांचे वेतन वाढेल, असे ब्रेक्झिटचे समर्थक सांगत होते. प्रत्यक्षात २०१९ मध्ये बेरोजगारीचे प्रमाण ३.८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १९७० च्या दशकानंतरच्या नीचांकापर्यंत उतरले. दुसरीकडे, अल्पवेतनी कामगाराच्या जीवनमानात अपेक्षित सुधारणाही झाली नाही. मग ब्रेक्झिटचा आर्थिक भार नेमका कोठे पडला, हा प्रश्न उरतो. केवळ रोजगारांची संख्या मोजून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी रोजगाराचा दर्जा आणि कामगाराची सौदाशक्ती यांत झालेला बदल पाहावा लागतो. प्रस्तुत लेखात या बदलाचे विवेचन केले आहे.

१. परकीय गुंतवणूक आणि एकल बाजारपेठ

परकीय प्रत्यक्ष गुंतवणूक एखाद्या देशात साधारणतः दोन हेतूंनी येते. एक, त्या देशाच्या ग्राहकांपर्यंत पोहोचणे. आणि दोन, त्या देशात उत्पादन करून शेजारच्या मोठ्या बाजारपेठेत माल पाठवणे. ब्रिटनकडे येणाऱ्या गुंतवणुकीत दुसऱ्या हेतूचा वाटा मोठा होता. निसानने १९८६ मध्ये सुंदरलँड येथे सुरू केलेला कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण होय. १ जानेवारी १९९३ पासून एकल बाजारपेठ अस्तित्वात आली. त्यानंतर ब्रिटनमध्ये तयार झालेली वस्तू कोणतेही आयातशुल्क वा सीमातपासणी न होता महासंघाच्या सर्व देशांत विकता येऊ लागली. वित्तसेवांबाबतही लंडनमधील एका परवान्यावर संपूर्ण महासंघात व्यवसाय करण्याची मुभा होती. ३१ डिसेंबर २०२० नंतर ही मुभा संपली.

१ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या व्यापार व सहकार्य करारामुळे ब्रिटन व महासंघ यांच्यातील मालावर आयातशुल्क लागत नाही. मात्र त्यासाठी उगमस्थानाचे नियम पाळावे लागतात. मोटारीच्या सुट्या भागांपैकी ठरावीक प्रमाणातील भाग ब्रिटन वा महासंघ यांतच तयार झालेले नसतील, तर महासंघात त्या मोटारीवर १० टक्के शुल्क आकारले जाते. याखेरीज सीमेवरील कागदपत्रे, तपासणी व विलंब यांचा खर्च वेगळा. कारखान्यात सुटे भाग वेळेबरहुकूम पोहोचणे ज्या उद्योगात अत्यावश्यक असते, तेथे हा खर्च निर्णायक ठरू शकतो.

२. न आलेल्या गुंतवणुकीचे मोजमाप

जी गुंतवणूक आली नाही तिचे मोजमाप करणे कठीण असते. बंद पडलेला कारखाना दिसतो. न उभारलेला कारखाना दिसत नाही. यामुळे अर्थशास्त्रज्ञांना तुलनात्मक पद्धतींचा आधार घ्यावा लागतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील स्वाती धिंग्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असा अंदाज मांडला होता की, महासंघाबाहेर पडल्यास ब्रिटनमधील परकीय गुंतवणुकीचा ओघ पुढील दशकात सुमारे २२ टक्क्यांनी घटेल. बँक ऑफ इंग्लंडच्या सहभागाने झालेल्या कंपन्यांच्या पाहणीवर आधारित अभ्यासात २०१९ मध्ये असे आढळले की, सार्वमतानंतरच्या तीन वर्षांत उद्योगांची गुंतवणूक, सार्वमत झाले नसते तर जेवढी झाली असती तिच्यापेक्षा, सुमारे ११ टक्क्यांनी कमी राहिली. ब्रिटिश सरकारच्या आकडेवारीनुसार २०१६-१७ मध्ये परकीय गुंतवणुकीचे २,२६५ प्रकल्प आले होते. २०२३-२४ मध्ये ही संख्या १,५५५ होती. या घटीत कोरोना महासाथ व जागतिक परिस्थिती यांचाही वाटा आहे, त्यामुळे संपूर्ण घट ब्रेक्झिटच्या खात्यावर टाकणे योग्य ठरणार नाही.

येथे आणखी एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सार्वमतानंतर पौंडाचे मूल्य घसरले आणि ब्रिटिश कंपन्या परकीय खरेदीदारांना स्वस्त झाल्या. जुलै २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने एआरएम ही कंपनी सुमारे २४ अब्ज पौंडांना विकत घेण्याचे जाहीर केले. आकडेवारीत ही परकीय गुंतवणूकच ठरते. परंतु अस्तित्वात असलेल्या कंपनीची मालकी बदलणे व नवा कारखाना उभा राहणे यांचे रोजगारावरील परिणाम सारखे नसतात. केवळ एकूण रक्कम पाहिली असता हा भेद झाकला जातो.

३. स्विंडन : कारखान्याकडून गोदामाकडे

लंडनच्या पश्चिमेस असलेले स्विंडन हे शहर एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या कार्यशाळेभोवती वाढले. १९८६ मध्ये ही कार्यशाळा बंद झाली. त्याच सुमारास जपानच्या होंडा कंपनीने शहरालगत जागा घेतली होती व १९९२ पासून तेथे मोटारींचे उत्पादन सुरू झाले. २०१८ मध्ये या कारखान्यातून सुमारे १ लाख ६० हजार मोटारी बाहेर पडल्या. २०१६ च्या सार्वमतात याच शहराने सुमारे ५४.७ टक्के मतांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये होंडाने कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२१ मध्ये उत्पादन थांबले. सुमारे ३,५०० कामगारांचा प्रत्यक्ष रोजगार गेला. सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांना बसलेला फटका वेगळाच.

हा निर्णय ब्रेक्झिटमुळे घेतलेला नाही, विद्युत मोटारींकडे वळण्याच्या जागतिक धोरणाचा तो भाग आहे, असे होंडाने स्पष्ट केले होते. या म्हणण्यात तथ्य आहे. महासंघाशी सीमाशुल्क संघाने जोडलेल्या तुर्कस्तानातील कारखान्यातही कंपनीने २०२१ मध्ये मोटारींचे उत्पादन थांबवले. शिवाय १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या महासंघ-जपान करारामुळे जपानी मोटारींवरील १० टक्के शुल्क टप्प्याटप्प्याने रद्द होऊ लागले आणि युरोपातच उत्पादन करण्याचे कारण क्षीण झाले. तथापि, कंपनीने नव्या पिढीची वाहने कोठे तयार करावयाची याचा निर्णय घेण्याच्या नेमक्या काळात ब्रिटनचे भावी व्यापारसंबंध अनिश्चित होते. ब्रेक्झिटचा परिणाम बहुतेक ठिकाणी असाच, इतर कारणांत मिसळून झालेला आढळतो.

त्यानंतर घडलेली घटना अधिक बोलकी आहे. कारखान्याची जागा पॅनाटोनी या मूळ अमेरिकन कंपनीने घेतली आणि तेथे मालाची गोदामे उभारण्यासाठी सुमारे ७० कोटी पौंडांची योजना जाहीर केली. म्हणजे गुंतवणूक पुन्हा परकीयच आली. तिचे स्वरूप मात्र बदलले. मोटार कारखान्यातील कुशल, संघटित व तुलनेने चांगल्या वेतनाच्या रोजगाराच्या जागी मालाची चढउतार, वर्गवारी व पाठवणी यांचा रोजगार येणार होता. गोदामांतील कामात कंत्राटी व पाळ्यांनुसार मिळणाऱ्या कामाचे प्रमाण मोठे असते. रोजगारांच्या संख्येत अशी हानी भरून निघाल्याचे दिसू शकते, वेतनमान व कौशल्य यांत मात्र ती भरून निघत नाही.

सर्वत्र असेच घडले असे नाही. निसानने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुंदरलँड येथे विद्युत मोटारींसाठी नवी गुंतवणूक जाहीर केली. मुंबईस्थित टाटा समूहाने जुलै २०२३ मध्ये सॉमरसेट परगण्यात ४ अब्ज पौंडांहून अधिक खर्चाच्या बॅटरी कारखान्याची घोषणा केली. मात्र टाटांच्या या प्रकल्पास सरकारी साहाय्याचे आश्वासन द्यावे लागले. बाजारपेठेच्या सान्निध्यामुळे पूर्वी जी गुंतवणूक आपोआप आकर्षित होत असे, तिच्यासाठी आता सरकारी तिजोरीतून अधिक मोल मोजावे लागण्याची शक्यता यातून दिसते.

४. अल्पवेतनी रोजगार आणि कामगारांचा तुटवडा

१ मे २००४ रोजी पूर्व युरोपातील आठ देश महासंघात आले. त्यांच्या नागरिकांना ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन या तीनच देशांनी प्रारंभापासून मुक्तपणे काम करू दिले. परिणामी शेती, अन्नप्रक्रिया, उपाहारगृहे, गोदामे व वृद्धसेवा या क्षेत्रांत पोलंड, लिथुएनिया आणि नंतर रुमानिया येथील कामगारांचा वाटा वाढत गेला.

या मुक्त संचाराचा लाभ गोव्यातील अनेक कुटुंबांनीही घेतला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येत असे. ते पारपत्र मिळाले की महासंघाचे नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये काम करता येई. स्विंडनमध्ये गोमंतकीयांची मोठी वस्ती यातूनच निर्माण झाली. त्यांतील अनेकजण गोदामे, कारखाने, साफसफाई व शुश्रूषा या क्षेत्रांत काम करू लागले. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तेथे वास्तव्य असलेल्यांना वास्तव्य योजनेखाली हक्क राखता आले. त्यानंतर मात्र केवळ पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे तेथे रोजगारासाठी जाण्याची वाट बंद झाली.

जानेवारी २०२१ पासून सर्व परकीयांसाठी गुणांवर आधारित व्हिसापद्धती लागू झाली. तीत किमान वार्षिक वेतनाची अट २५,६०० पौंड होती, त्यामुळे बहुतेक अल्पवेतनी कामे तिच्या कक्षेबाहेर राहिली. २०२१ च्या शरद ऋतूत मालवाहू वाहनांच्या चालकांचा तुटवडा तीव्र झाला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला चालकांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा जाहीर करावे लागले. जोनाथन पोर्टेस व जॉन स्प्रिंगफोर्ड यांच्या अंदाजानुसार सप्टेंबर २०२२ पर्यंत, पूर्वीचा कल चालू राहिला असता त्याच्या तुलनेत, महासंघातील ४ लाख ६० हजार कामगार कमी झाले होते व अन्य देशांतील १ लाख ३० हजार अधिक आले होते. ही निव्वळ तूट प्रामुख्याने अल्पकौशल्याच्या क्षेत्रांत होती.

५. व्हिसाने बांधलेला कामगार

हा तुटवडा सरकारने नव्या व्हिसांनी भरून काढला. हंगामी शेतमजुरांची योजना २०१९ मध्ये २,५०० व्हिसांपासून सुरू झाली होती. २०२३ पर्यंत ही मर्यादा ४५,००० झाली. मजूर आता किरगिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान यांसारख्या देशांतून येऊ लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये शुश्रूषा-सेवकांसाठी २०,४८० पौंड किमान वेतनाच्या अटीवर व्हिसा खुला झाला आणि भारत, नायजेरिया व झिंबाब्वे येथून मोठ्या संख्येने लोक गेले.

येथे कामगाराच्या स्थितीत मूलभूत फरक पडला. मुक्त संचारानुसार आलेला पोलिश वा गोमंतकीय कामगार वेतन कमी वाटल्यास दुसऱ्याच दिवशी दुसरीकडे काम धरू शकत होता. हेच स्वातंत्र्य त्याच्या सौदाशक्तीचा आधार होते. नव्या पद्धतीत कामगाराचे वास्तव्य मालकाच्या प्रायोजक परवान्यावर अवलंबून राहते. तो परवाना रद्द झाल्यास साधारणतः ६० दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागतो, अन्यथा देश सोडावा लागतो. दलालांना मोठ्या रकमा देऊन गेलेल्या व कर्जाचा बोजा असलेल्या व्यक्तीस तक्रार करणेही अवघड होते. ब्रिटिश सरकारच्याच माहितीनुसार जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात शुश्रूषा-क्षेत्रातील ४७० हून अधिक परवाने रद्द करण्यात आले. त्या मालकांशी ३९,००० हून अधिक कामगार निगडित होते. मार्च २०२४ पासून अशा सेवकांना कुटुंबीय सोबत नेण्यास बंदी झाली, तर जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती बंद करण्यात आली.

६. वेतन आणि भाववाढ

ब्रिटनमधील तासाचे वैधानिक किमान वेतन एप्रिल २०१६ मध्ये ७.२० पौंड होते, ते एप्रिल २०२५ मध्ये १२.२१ पौंड झाले. या काळात तासाच्या वेतनानुसार अल्पवेतनी ठरणाऱ्या कामगारांचे प्रमाण लक्षणीय घटले. या सुधारणेचे श्रेय मुख्यतः किमान वेतनाच्या धोरणाकडे जाते. त्या धोरणास महासंघाचे सदस्यत्व आड येत नव्हते; त्याची सुरुवात सार्वमतापूर्वीच झाली होती.

याउलट, वेतनवाढीचा काही भाग भाववाढीने गिळला. सार्वमतानंतर पौंडाच्या घसरणीमुळे दोन वर्षांत ग्राहक किमती २.९ टक्क्यांनी अधिक वाढल्या आणि सरासरी कुटुंबावर वार्षिक सुमारे ८७० पौंडांचा भार पडला, असा अर्थशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. महासंघाकडून येणाऱ्या अन्नपदार्थांवरील नव्या सीमाप्रक्रियेमुळे २०२० व २०२१ या दोन वर्षांत प्रत्येक कुटुंबाचा अन्नखर्च सरासरी २१० पौंडांनी वाढला, असे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासात आढळले. गरीब कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा असल्याने हा भार त्यांच्यावरच अधिक पडला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ब्रेक्झिटमुळे अचानक बेरोजगारी आली नाही. गुंतवणुकीचा वेग मंदावला आणि उत्पादकता वाढवणारे रोजगार निर्माण होण्याची प्रक्रिया खुंटली. ब्रिटनच्या अंदाजपत्रकीय उत्तरदायित्व कार्यालयाच्या गृहीतकानुसार दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील.

२) नव्या व्यापार करारांतून होणारी भरपाई मर्यादित आहे. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन करारामुळे दीर्घकाळात ब्रिटनच्या सकल देशांतर्गत उत्पादनात ०.१३ टक्के भर पडेल, असा ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे.

३) अल्पवेतनी कामांची गरज कायम राहिली, ती करणारी माणसे व त्यांचे हक्क बदलले. युरोपीय कामगारांच्या जागी दूरच्या देशांतील, मालकावर अधिक अवलंबून असलेला कामगारवर्ग आला.

४) परकीय गुंतवणुकीचे मूल्यमापन केवळ रक्कम व रोजगारसंख्या यांवरून करणे अपुरे आहे. कारखान्याच्या जागी गोदाम आले, तर गुंतवणुकीचा आकडा टिकतो, पण त्या शहरातील तरुणाला शिकता येणारे कौशल्य व मिळणारे वेतन टिकतेच असे नाही.

मालक बदलण्याचे स्वातंत्र्य ही अल्पवेतनी कामगाराची सर्वांत मोठी पुंजी असते. मनुष्यबळाच्या स्थलांतराविषयी करार करताना पाठवणाऱ्या देशांनीही, भारतासह, व्हिसांच्या संख्येइतकेच या स्वातंत्र्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.