पीव्हीसी पाइप मऊ का होतो?

पाइपलाइन जोडताना पीव्हीसी पाइपचे तोंड पाचटाच्या जाळावर धरून फुगवायची आपल्याकडे सवय आहे. हा काचेसारखा कडक पाइप सुमारे ८० अंश सेल्सिअसला रबरासारखा होतो. थंड झाला की पुन्हा कडक. ठिबकच्या पॉलिथिन नळीचा हाच अंश शून्याखाली शंभराच्याही पुढे, म्हणून ती आपल्या थंडीतही मऊच राहते.

थर फारच पातळ असला तर हा अंशही सरकतो. केडी, जोन्स व कोरी यांनी १९९४ साली पॉलिस्टायरीनच्या पापुद्र्यावर हे दाखवले. एरवी १०० अंशाला मऊ होणारा माल, मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतका पातळ केल्यावर पंचवीसेक अंश आधीच ढिला पडला. वरच्या पृष्ठभागाशी रेणूंच्या साखळ्यांना हलायला मोकळीक असते, असे त्याचे कारण सांगतात.

जाळावर मात्र अंश मोजत कोण बसतो? पाइप करपतो, घशाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, फुगवलेली बाजू पातळ पडते आणि ऊस उभा असताना नेमकी तीच फुटते. तेव्हा कपलर आणि सोल्युशनच वापरा. सोल्युशन पाइपचा पृष्ठभाग जाळाशिवाय मऊ करून दोन्ही भाग एकजीव करते. फक्त जोड वाळेपर्यंत मोटर चालू करू नका.