काळी वाळू, जैतापूर आणि थोरियम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रत्नागिरीत अणुविजेचा विषय निघाला की गाडी जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पावर येते, आणि मग कोणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याकडे ढीगभर थोरियम पडलंय, मग फ्रान्सच्या अणुभट्ट्या कशाला?" या प्रश्नामागची तळमळ खरी आहे. पण त्यात खरं-खोटं बरंच मिसळलं आहे. जैतापूरबद्दल मत कोणतंही असो, ते ऐकीव माहितीवर उभं राहू नये.

गैरसमज १: रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याची काळी वाळू म्हणजे थोरियमचा साठा.

वस्तुस्थिती: ही वाळू काळी आहे ती इल्मेनाइट, मॅग्नेटाइट यांसारख्या लोह आणि टायटॅनियमच्या खनिजांमुळे. कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवून पाहा. काळे कण लगेच चिकटतील. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजतो आणि हे जड कण नद्यांवाटे किनाऱ्यावर येतात. थोरियम असतं ते मोनाझाइटमध्ये. ते खनिज काळं नसतं, पिवळट-तांबूस असतं आणि ग्रॅनाइटसारख्या वेगळ्या, फार जुन्या खडकांतून येतं. म्हणून ते केरळातल्या चवऱ्याला, तमिळनाडूत मणवलकुरिचीला, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावर मुबलक सापडतं. देशातला मोनाझाइटचा साठा सव्वा कोटी टनांच्या घरात आहे आणि त्यात साधारण ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असतं. आपल्या किनाऱ्यावर मात्र मोनाझाइट नगण्य आहे.

गैरसमज २: थोरियम भट्टीत घातलं की वीज तयार.

वस्तुस्थिती: निसर्गात मिळणारं थोरियम-२३२ स्वतःहून विखंडनाची साखळी चालवू शकत नाही. त्याला आधी एक न्यूट्रॉन शोषावा लागतो. मग ते थोरियम-२३३ होतं, त्याचं प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं आणि शेवटी युरेनियम-२३३. यातल्या प्रोटॅक्टिनियमचा अर्धायुकालच २७ दिवसांचा आहे. जळतं ते हे युरेनियम-२३३. दूध कितीही असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे. सुरुवातीचे न्यूट्रॉन द्यायला युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियम लागतंच. आपली अडचण थोरियमची नाही, या विरजणाची आहे.

गैरसमज ३: भारताने थोरियमकडे दुर्लक्ष केलं.

वस्तुस्थिती: होमी भाभांनी १९५४ मध्येच तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या जड पाण्याच्या भट्ट्या. त्यांच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचं. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम वापरून, जाळलं त्याहून जास्त इंधन निर्माण करणाऱ्या द्रुत प्रजनक भट्ट्या. तिसऱ्या टप्प्यात थोरियम. कल्पाक्कमची 'कामिनी' ही ३० किलोवॉटची छोटी संशोधन भट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालते. काक्रापारच्या भट्ट्यांत थोरियमचे इंधनगठ्ठे वापरून झाले आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने थोरियमसाठी प्रगत जड पाण्याच्या भट्टीचा आराखडा केला आहे. घोडं अडलं ते दुसऱ्या टप्प्यात. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रजनक भट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं आणि तिचा गाभा भरायला सुरुवात व्हायला मार्च २०२४ उजाडला. चीनने गान्सू प्रांतात वितळलेल्या क्षारांची थोरियम भट्टी चालवून दाखवली आहे, पण तीही अवघ्या २ मेगावॉट उष्णतेची, प्रायोगिक.

गैरसमज ४: जैतापूरला थोरियमची भट्टी बसवता येईल.

वस्तुस्थिती: जैतापूर प्रकल्पासाठी माडबनच्या सड्यावर योजलेल्या फ्रान्सच्या सहा 'ईपीआर' भट्ट्या समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या आहेत, एकूण क्षमता १०,००० मेगावॉटच्या आसपास. त्या आकाराची थोरियम भट्टी आज जगात कुठेही उभी नाही. त्यामुळे "थोरियम आणा, मग पाठिंबा" ही अट आज पुरी होण्यासारखी नाही. "पुढेमागे थोरियमवर जाऊच, मग काळजी कशाला" हे आश्वासनही पोकळ आहे.

गैरसमज ५: थोरियम पूर्ण निर्धोक आहे, किंवा हात लावला तरी जीव घेईल.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चुकीची. लग्नात, नमन-खेळ्यांत रात्र उजळवणाऱ्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियम ऑक्साइड असायचं. कोकणातल्या कितीतरी घरांनी ते हाताळलं आहे. थोरियमचा किरणोत्सर्ग मंद असतो, पण मेंटलची राख श्वासात किंवा पोटात जाणं वाईटच. भट्टीतली गोष्ट आणखी वेगळी. तिथे सिझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० यांसारखा कचरा थोरियमच्या इंधनातूनही निघतो. युरेनियम-२३३ सोबत तयार होणाऱ्या युरेनियम-२३२ मुळे तीव्र गॅमा किरण निघतात, म्हणून इंधन हाताळायला जाड कवच आणि दूरनियंत्रित यंत्रं लागतात. प्लुटोनियमसारखा हजारो वर्षं टिकणारा भाग कमी होतो, हा फायदा मात्र खरा आहे.

म्हणून जैतापूरची चर्चा जैतापूरच्याच प्रश्नांवर व्हावी: समुद्रात सोडायच्या गरम पाण्याचा जवळच्या साखरी नाटे गावच्या मासेमारीवर काय परिणाम होईल, भूकंपाचा विचार किती झाला, विजेचा दर काय पडेल, वापरलेलं इंधन कुठे ठेवणार. थोरियमचा आग्रह धरायचा तर तो दुसऱ्या टप्प्याला पैसा, माणसं आणि वेग मिळावा म्हणून धरावा. तिसऱ्या टप्प्याची वाट तिथूनच जाते.