बेस्ट म्हणजे काय?

चहा बेस्ट, सिनेमा बेस्ट, बैलजोडी तर लई बेस्ट! हा शब्द आपण उठसूट वापरतो. पण इंग्रजी व्याकरणात त्याला नियम आहे. गुड म्हणजे चांगला, बेटर म्हणजे दोघांत चांगला, आणि बेस्ट म्हणजे तिघांत किंवा अधिकांत सर्वांत चांगला. म्हणून दोन भावांत एकालाच बेस्ट म्हणू नये. (पालकांनीही!) ‘मोस्ट बेस्ट’ तर नकोच, पेपरात लाल रेघ ठरलेली.

गंमत पाहा, बेस्टमधला ‘स्ट’ आणि आपल्या ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘ष्ठ’ मुळात एकच. इंग्रजी आणि संस्कृत लांबच्या बहिणी ना!

मुंबईची बेस्ट बस मात्र निराळी. ती बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन या इंग्रजी नावाची चार आद्याक्षरे आहेत.