क्रॉमफर्डची गिरणी : सूत, रंग आणि वारसा

गिरणी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येते ती लालबाग-परळची उंच चिमणी आणि तिच्यातून निघणारा धूर. मात्र कापूस यंत्रावर कातून कारखानदारी उभी करण्याचा पहिला यशस्वी प्रयोग झाला, तेव्हा तिथे ना चिमणी होती ना धूर. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, डर्बी शहराच्या उत्तरेला असलेल्या क्रॉमफर्ड या लहानशा गावात १७७१ साली उभी राहू लागलेली ही गिरणी पूर्णपणे पाण्यावर चालत होती. अडीचशे वर्षांत या वास्तूने सूत पाहिले, आग पाहिली, विषारी रंग पाहिले आणि अखेर जागतिक वारशाचा मानही मिळवला. तिच्या भिंती आणि पाया वाचणे म्हणजे औद्योगिक युगाचे चरित्र वाचण्यासारखेच आहे.

या गिरणीचा कर्ता रिचर्ड आर्कराइट हा मूळचा प्रेस्टन गावचा न्हावी. केसांचे टोप तयार करण्याचा व्यवसाय करता करता तो सूतकताईच्या यंत्राकडे वळला. जॉन के या घड्याळजीच्या मदतीने त्याने जे यंत्र सिद्ध केले, त्याचे पेटंट त्याला १७६९ मध्ये मिळाले. या यंत्राचे मर्म रुळांच्या जोड्यांत होते. प्रत्येक पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा अधिक वेगाने फिरे. त्यामुळे कापसाचा पेळू हळूहळू ताणला जाऊन बारीक होई आणि नंतर चातीवर त्याला पीळ बसे. कसबी कातणाऱ्याची बोटे जे काम करीत, ते आता रूळ करू लागले. हे सूत इतके बळकट निघे की ते ताण्यासाठी, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांसाठी वापरता येऊ लागले. तोपर्यंत इंग्लंडमध्ये ताण्याला बहुधा लिननचाच धागा लागत असे.

येथे भारताचा संबंध येतो. भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडाने इंग्लंडची बाजारपेठ व्यापली होती. ते रोखण्यासाठी १७२१ साली इंग्लंडने छापील सुती कापडाच्या वापरावरच बंदी घातली. पुढे आर्कराइट आणि त्याचे भागीदार स्वतःच निव्वळ सुती कापड तयार करू लागले, तेव्हा हा कायदा त्यांच्याच वाटेत आडवा आला. त्यांच्या खटपटीमुळे १७७४ मध्ये इंग्लंडात बनलेल्या सुती कापडाला मोकळीक मिळाली. भारतीय विणकराच्या पुढील दुर्दशेची एक पाऊलखूण अशी क्रॉमफर्डपर्यंत पोहोचते.

मग एवढ्या आडगावी गिरणी का? त्याचे उत्तर पाण्यात आहे. या परिसरात शिशाच्या जुन्या खाणी होत्या. खाणीत साचणारे पाणी बाहेर काढण्यासाठी सतराव्या शतकात जमिनीखालून एक बोगदा खणला गेला होता. अशा बोगद्याला तेथे ‘सफ’ म्हणतात. जमिनीच्या पोटातून येणारे हे पाणी किंचित उबदार असे. त्यामुळे ऐन हिवाळ्यातही ते गोठत नसे आणि गिरणीचे चाक बंद पडत नसे. त्याच्या जोडीला बॉन्सॉलचा ओढा होता. खाणमालकांना नकोसे झालेले पाणी आर्कराइटने भांडवल म्हणून वापरले.

पहिली गिरणी पाच मजली होती. पाठोपाठ १७७६-७७ मध्ये सात मजली दुसरी गिरणी उभी राहिली. दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा बारा-बारा तासांच्या पाळ्यांत काम चाले. कामगारांत बायका आणि मुलांचा भरणा मोठा होता. अगदी सात-आठ वर्षांची मुलेही यंत्रांच्या दिमतीला असत. कामगारांसाठी १७७६ मध्ये नॉर्थ स्ट्रीट येथे बांधलेली तीन मजली घरांची ओळ आजही उभी आहे. या घरांच्या वरच्या मजल्यावर मागांसाठी प्रकाशाची खास सोय केलेली दिसते. बायका-मुले गिरणीत आणि पुरुष घरच्या मागावर, अशी संसाराची विभागणीच या वास्तुरचनेतून वाचता येते. रस्त्याच्या बाजूला गिरणीच्या खालच्या भिंती किल्ल्याच्या तटासारख्या आहेत. यंत्रांमुळे रोजगार जाईल, या धास्तीने १७७९ मध्ये लँकेशायरमधील जमावाने आर्कराइटचीच बर्केकर येथील गिरणी उद्ध्वस्त केली होती. क्रॉमफर्डच्या भिंतींना या भीतीचीही पार्श्वभूमी आहे.

आर्कराइट १७९२ मध्ये मरण पावला, तेव्हा तो सर रिचर्ड होता आणि गडगंज श्रीमंतही. गिरणीचे भाग्य मात्र ज्या पाण्याने उजळले, त्याच पाण्याने मावळले. खाणमालकांनी अधिक खोलीवर नवा बोगदा खणला आणि पाणी तिकडे वळू लागले. प्रकरण न्यायालयात गेले. खाणीतून सोडलेले पाणी हा नैसर्गिक प्रवाह नव्हे. ते अनेक वर्षे वापरले म्हणून गिरणीमालकाला त्यावर कायमचा हक्क सांगता येत नाही, असा निर्णय १८३९ मध्ये लागला. पाणी आटले आणि एकोणिसाव्या शतकात येथील सूतकताईही संपुष्टात आली.

पुढे इमारती रिकाम्या राहिल्या नाहीत. कुठे मद्य गाळले गेले, कुठे कपडे धुण्याचा धंदा चालला. दुसरी गिरणी १८९० च्या आगीत भस्मसात झाली. १९२९ मध्ये पहिल्या गिरणीचे वरचे दोन मजले आगीतच गेले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून १९७९ पर्यंत येथे रंगद्रव्ये तयार करणारा कारखाना होता. लेड क्रोमेटसारखी विषारी द्रव्ये भिंतींत, लाकडी तक्तपोशीत आणि मातीत मुरली. गिरणी पाडून टाकावी, असे वाटावे इतकी तिची रया गेली होती.

ती वाचली, याचे श्रेय आर्कराइट सोसायटी या संस्थेला जाते. गिरणीच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने स्थापन झालेल्या या संस्थेने १९७९ मध्ये ही जागा विकत घेतली. विषारी द्रव्ये काढून टाकण्याचे किचकट आणि खर्चिक काम अनेक वर्षे चालले. त्याबरोबरच पुरातत्त्वाचे कामही सुरू होते. जळालेल्या दुसऱ्या गिरणीचा पाया उघडा करण्यात आला. चाकाचे खड्डे आणि पाण्याचे पाट यांचा माग काढून यंत्रशक्तीची मूळ रचना समजून घेण्यात आली. रस्त्यावरून पाणी नेणारी १८२१ ची ओतीव लोखंडाची पन्हळ आजही पाहता येते. जमिनीत पुरलेल्या प्राचीन वस्तूंप्रमाणेच भिंतीतील बुजवलेली खिडकी आणि तुळईची खाच हाही पुरावा असतो, ही औद्योगिक पुरातत्त्वाची शिकवण येथे प्रत्यक्ष दिसते. डिसेंबर २००१ मध्ये डरवेंट खोऱ्यातील सुमारे २४ किलोमीटरचा गिरण्यांचा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता गिरणीच्या आवारात प्रदर्शन, दुकाने आणि छोट्या व्यवसायांची कार्यालये नांदत आहेत. त्यांच्या भाड्यातून जतनाच्या खर्चाला हातभार लागतो.

मुंबईने ही कथा वेगळ्या तऱ्हेने अनुभवली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. ती वाफेवर चालणारी होती. पाण्याचा आधार शोधणाऱ्या गिरणीला गोकाकच्या धबधब्यापाशी जावे लागले. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरले. १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली, तिच्यातील २००१ चा बदल आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल यांच्या वाटेने गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. क्रॉमफर्डच्या खेड्यातील जमिनीला मुंबईचा भाव नव्हता, हे खरे. तरीही जुन्या वास्तूला नवे काम देताना तिच्या पूर्वायुष्याचा पुरावा पुसण्याची गरज नसते, हे तेथे सिद्ध झाले आहे. क्रॉमफर्डमध्ये मालकाच्या वैभवाबरोबर कामगाराच्या घराची ओळही वारसा म्हणून जपली गेली. मुंबईत चिमणी कुठे शोभेपुरती उरली, पण तिच्या सावलीत राहिलेल्या माणसांच्या चाळींचे काय, हा प्रश्न अजूनही उत्तराची वाट पाहतो आहे.